वाचक विचारतात : पॉइंट टू-टू रायफलीला परवडेल असा स्कोप

लहान बोअरच्या (.२२) रायफलीवर लावायच्या स्कोपविषयी, म्हणजे नेम धरण्याच्या दुर्बिणीविषयी, या महिन्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली आहेत. काही पत्रांत प्रश्न एक आहे आणि काहींत चार आहेत. बहुतेकांची अडचण मात्र सारखी आहे : पैसे मोजके आहेत, दुकानात मांडलेले स्कोप दिसायला एकसारखे आहेत, आणि विकणारा प्रत्येक वेळी जास्त ‘पॉवर’चा स्कोप पुढे करतो. सर्वांत सविस्तर पत्र आधी घेतले आहे आणि त्याचे उत्तरही सविस्तर दिले आहे, कारण पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे त्यातच आली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. वडिलांच्या पश्चात रीतसर परवाना होऊन माझ्याकडे आलेली एक जुनी बोल्ट ॲक्शन .२२ रायफल आहे. मी ती रेंजवर नेऊन २५ आणि ५० मीटरवर कागदी लक्ष्यावर सराव करतो. शिकारीचा किंवा स्पर्धेचा हेतू नाही. स्कोप आणि तो बसवण्याचा माउंट मिळून दहा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची माझी तयारी आहे. दुकानदाराने ४×३२, ३-९×४० आणि ६-२४×५० असे तीन स्कोप दाखवले. तिन्ही माझ्या रकमेत बसतात, आणि त्याच पैशांत जास्त मिळते म्हणून तिसरा घ्यावा असे तो सांगतो. आपला सल्ला काय? — एक वाचक, चोपडा

उत्तर : तिसरा घेऊ नये. उरलेल्या दोहोंपैकी ज्याचा पॅरलॅक्स ५० मीटर किंवा ५० यार्डांना जुळवलेला असेल तो घ्यावा, आणि दोन्हींचा तसा असेल तर ४×३२ घ्यावा. दुकानात ही बाब बहुधा कोणी सांगत नाही, पण .२२ रायफलीच्या बाबतीत स्कोपची निवड करताना पहिला विचार तिचाच करायला हवा, म्हणून ती आधी समजावून सांगतो.

स्कोपच्या आत फुली, म्हणजे क्रॉसहेअर, ज्या जागी असते नेमकी त्याच जागी लक्ष्याची प्रतिमा पडली, तर डोळा थोडा इकडेतिकडे सरकला तरी फुली लक्ष्यावरून हलत नाही. प्रतिमा त्या जागेच्या पुढे किंवा मागे पडली, तर रायफल जागची न हलताही नुसता डोळा हलला की फुली लक्ष्यावर सरकलेली दिसते. यालाच पॅरलॅक्स म्हणतात. साध्या स्कोपमध्ये हे जुळणे कारखान्यातच एका ठरावीक अंतराला करून दिलेले असते. मोठ्या सेंटरफायर रायफलींसाठीचे स्कोप बहुधा १०० किंवा १५० यार्डांना जुळवलेले असतात आणि रिमफायरसाठीचे, म्हणजे .२२ सारख्या लहान रायफलींसाठीचे, ५० यार्डांना, म्हणजे सुमारे ४६ मीटरला. बाहेरून पाहता दोहोंत काहीच फरक दिसत नाही. खोक्यावर किंवा सोबतच्या माहितीपत्रकात ते अंतर छापलेले असते. ते कुठेच छापलेले नसेल तर तो स्कोप मोठ्या रायफलीसाठीचा आहे असे धरून चालणे सुरक्षित.

ही चूक जास्तीत जास्त किती होऊ शकते याचा हिशेब घरी बसून करता येतो. पुढच्या भिंगाचा व्यास निम्मा करावा, त्याला लक्ष्याचे अंतर आणि पॅरलॅक्सचे अंतर यांच्यातील फरकाने गुणावे आणि पॅरलॅक्सच्या अंतराने भागावे. समजा, पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे आहे, पॅरलॅक्स १०० मीटरला जुळवलेला आहे आणि आपण ५० मीटरवर नेम धरला आहे : चूक १० मिलिमीटरपर्यंत जाते. २५ मीटरवर तीच १५ मिलिमीटर होते. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो हे लक्षात घेतले, म्हणजे नेम अचूक असूनही केवळ डोळा बाजूला राहिल्यामुळे दहाचा फटका नवात किंवा आठात जाऊ शकतो. याउलट ५० मीटरला जुळवलेल्या ४×३२ स्कोपमध्ये ५० मीटरवर ही चूक जवळजवळ नाहीशी होते आणि २५ मीटरवर ती ८ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. गाल दर वेळी रायफलीच्या दस्त्यावर एकाच जागी टेकवण्याची सवय असेल तर प्रत्यक्षात ती याहूनही पुष्कळ कमी राहते.

काही स्कोपमध्ये पुढच्या भिंगाभोवतीचे कडे फिरवून, किंवा डाव्या बाजूच्या बटणाने, पॅरलॅक्स हवा त्या अंतराला आणता येतो. ही सोय चांगली आहे, आणि आपल्या रकमेत ती असलेला एखादा ३-९×४० मिळत असेल तर त्याचा अवश्य विचार करावा. एवढेच की स्वस्त स्कोपच्या कड्यावर छापलेले अंतराचे आकडे पुष्कळदा चुकीचे असतात. म्हणून आकड्यावर विसंबू नये. लक्ष्य स्पष्ट दिसेपर्यंत कडे फिरवावे, मग डोके किंचित वर-खाली हलवून फुली लक्ष्यावर स्थिर राहते का ते पाहावे आणि त्या जागी पेन्सिलीने आपली स्वतःची खूण करून ठेवावी.

आता ‘पॉवर’चा प्रश्न. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो (३-९ असे दोन आकडे असतील तर तेवढ्या पटींत ती कमी-जास्त करता येते) आणि शेवटचा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. शेवटच्याला पहिल्याने भागले की मागून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ४×३२ मध्ये तो ८ मिलिमीटर, ३-९×४० स्कोप ९ पटींवर ठेवला तर सुमारे साडेचार, आणि ६-२४×५० स्कोप २४ पटींवर ठेवला तर जेमतेम २ मिलिमीटर. खान्देशातल्या भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे ४×३२ मध्ये डोळा थोडा चुकीच्या जागी आला तरी चित्र पूर्ण दिसते. २४ पटींवर मात्र डोके केसभर हलले की कडेने काळी सावली येते आणि नेम धरण्याऐवजी चित्र शोधण्यातच श्वास संपतो. पुढचे भिंग ५० मिलिमीटरचे असल्याचा दिवसाच्या सरावात काही उपयोग नसतो. उलट स्कोप जड होतो, तो रायफलीच्या नळीला घासू नये म्हणून माउंटच्या उंच कड्यांवर बसवावा लागतो, आणि मग गाल दस्त्यावर टेकतच नाही.

आपल्या भागात याला आणखी एक कारण जोडले जाते. मार्च उलटला की सकाळी नऊ-दहानंतर काळ्या रानावरून अशी झळ उठते की ५० मीटरवरचे लक्ष्यसुद्धा पाण्यात पडल्यासारखे हलताना दिसते. स्कोप जेवढा जास्त मोठे करून दाखवील तेवढी ही झळही मोठी दिसते. चार पटींवर ती जाणवतही नाही, नऊ पटींवर त्रास देते आणि चोवीस पटींवर लक्ष्याची कडच हरवते. हाताचा कंपही त्याच प्रमाणात मोठा दिसतो, आणि नवा नेमबाज तो पाहून घाईने ट्रिगर ओढतो. २५ आणि ५० मीटरसाठी चार पट पुरेशी आहे. १०० मीटरवर जायची इच्छा असेल तर सात किंवा नऊ पट वापरावी. त्यापुढचे मोठेपण या किमतीत केवळ आकड्यापुरतेच असते, कारण तेवढ्याच पैशांत जास्त भिंगे आणि जास्त हलणारे भाग बसवायचे म्हटले की प्रत्येक भाग हलक्या प्रतीचा घालावा लागतो.

भिंगांवरचा लेप हा दर्जाचा दुसरा पुरावा. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग असले तर एक तृतीयांश प्रकाश वाटेतच जातो. म्हणून ‘फुली मल्टिकोटेड’ (fully multi-coated, म्हणजे सर्व पृष्ठभागांवर अनेक थरांचा लेप) असे लिहिलेला स्कोप ‘कोटेड’ असे लिहिलेल्यापेक्षा चांगला. समोरून पाहिल्यावर भिंग भडक माणकासारखे लाल चमकत असेल तर तो स्कोप घेऊ नये. तो लाल प्रकाश आत न जाता परत फिरतो, आणि आतले चित्र फिके, निळसर-हिरवे दिसते. प्रकाशमान फुली, लेसर किंवा नाना खुणांची जाळी यांपैकी कशाचीही आपल्याला गरज नाही. कडेला जाड आणि मध्यभागी बारीक अशी साधी डुप्लेक्स फुली कागदी लक्ष्याला सर्वांत उत्तम.

माउंटकडे मात्र कंजूषी नको. नवीन नेमबाज स्कोपला दोष देतो तेव्हा खरा दोष बहुधा माउंटचा असतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. बहुतेक .२२ रायफलींच्या वरच्या अंगाला ११ मिलिमीटर किंवा ३/८ इंच रुंदीची खाचेची पट्टी असते, तिला डव्हटेल म्हणतात. मोठ्या रायफलींची आणि आडव्या खाचा असलेली वीव्हर किंवा पिकॅटिनी पट्टी वेगळी असते. त्या पट्टीसाठीचे माउंट डव्हटेलवर बसत नाहीत, आणि ओढूनताणून बसवले तर घसरतात. स्कोपच्या नळीचा व्यास एक इंच असेल तर कडीही एक इंचाचीच घ्यावीत. पाऊण इंच नळीचे अगदी स्वस्त स्कोप टाळावेत, कारण त्यांतून चित्र अरुंद आणि अंधुक दिसते. कड्यांचा वरचा भाग चार स्क्रूंनी आवळलेला असावा, आणि आवळताना दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे एकेक स्क्रू थोडा-थोडा, आळीपाळीने फिरवावा. स्कोप जेवढा खाली बसेल तेवढा चांगला. फक्त पुढचे भिंग रायफलीच्या नळीला टेकू नये आणि बोल्ट उचलताना त्याचा दांडा नेत्रभिंगाला अडकू नये. जुन्या बोल्ट ॲक्शन रायफलींत ही दुसरी अडचण हमखास येते, तेव्हा माउंट घेताना परवानाधारक दुकानात रायफल सोबत नेऊन बोल्ट पूर्ण उघडून पाहावा.

आपली रायफल जुनी आहे, त्यामुळे तिच्यावर डव्हटेल आहे की नाही हे सगळ्यात आधी तपासावे. नसेल तर गावातल्या लेथवर नेऊन तिला छिद्रे पाडून घेऊ नयेत. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीचे कामही परवानाधारकानेच करायचे असते, आणि चुकीच्या जागी पाडलेले छिद्र रायफल कायमची निकामी करू शकते. अशा रायफलीला मागच्या बाजूस बसणारी चांगली पीप साइट, म्हणजे बारीक छिद्रातून नेम धरण्याची साइट, मिळाली तर मी स्कोपचा आग्रह धरणार नाही.

दुकानात स्कोप हातात आला की दरवाज्यापाशी जाऊन साधारण ५० मीटरवरची एखादी पाटी पाहावी. स्कोप खिडकीच्या कठड्यावर किंवा दोन पुस्तकांच्या मध्ये न हलेल असा ठेवावा आणि मागून डोळा हळूहळू डावीकडे-उजवीकडे न्यावा. फुली पाटीवरच्या अक्षरावरून सरकली तर पॅरलॅक्स त्या अंतराला नाही. नंतर विजेची तार किंवा झाडाची फांदी आकाशाच्या पार्श्वभूमीवर पाहावी. तिच्या कडेला जांभळा-हिरवा रंग पसरला असेल तर काच हलकी आहे. सूर्याकडे मात्र चुकूनही रोखू नये. वर-खाली आणि डाव्या-उजव्या बाजूच्या दोन्ही बटणांचे टिचके स्पष्ट, वेगवेगळे आणि सारख्या जोराचे लागले पाहिजेत. मऊ, गुळगुळीत फिरणारे बटण पुढे नक्की छळते. शेवटी स्कोप कानाशी धरून हलका हलवावा, आत काही खुळखुळता कामा नये. प्रसिद्ध कंपन्यांच्या नावाचे नकली स्कोप बाजारात आहेत, म्हणून नावापेक्षा बिल आणि हमीपत्र पाहून घ्यावे.

दहा हजारांची वाटणी मी अशी करीन : माउंटला दीड-दोन हजार, स्कोपला पाच-सहा हजार, आणि उरलेली रक्कम काडतुसांसाठी. एकाच रायफलीत दोन वेगवेगळ्या जातींच्या काडतुसांचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या गोळ्यांचे कागदावरचे पुंजके, अगदी निराळे पडतात. आपल्या रायफलीला कोणते मानवते हे शोधण्यावर खर्च केलेला पैसा स्कोपच्या वाढीव ‘पॉवर’पेक्षा कितीतरी उपयोगी पडतो.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. तरुणपणी एन.सी.सी.त डिलक्स रायफलीवर चांगला नेम होता. आता माझ्या परवान्यावरच्या .२२ रायफलीची मागची साइट, पुढची माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. स्कोपमुळे काही फरक पडेल का? चष्मा काढावा लागेल का? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : सर, फरक निश्चित पडेल, आणि आपल्यासारख्यांसाठी स्कोप ही चैन नसून गरज आहे. उघड्या साइटमध्ये डोळ्याला तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या वस्तू एकाच वेळी पाहाव्या लागतात. वय वाढले की डोळ्यातील भिंगाची लवचिकता जाते, आणि त्या तिघींपैकी कोणती तरी एकच स्पष्ट दिसते. स्कोपमध्ये फुली आणि लक्ष्य दोन्ही एकाच अंतरावर असल्यासारखी दिसतात, त्यामुळे डोळ्याला तडजोड करावी लागत नाही.

चष्मा काढू नये. गोळीबाराच्या वेळी डोळ्यांसमोर काच असणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही चांगले. नेहमीचा लांबचे पाहण्याचा चष्मा लावून, स्कोप मोकळ्या आकाशाकडे धरून, मागचे कडे फुली काळीभोर आणि रेखीव दिसेपर्यंत फिरवावे. एका वेळी दोन-तीन सेकंदच पाहावे आणि मग नजर बाजूला न्यावी, कारण जास्त वेळ पाहिले तर डोळा स्वतःला जुळवून घेतो आणि चुकीची जागाही बरोबर वाटू लागते. बायफोकल चष्म्याच्या खालच्या भागातून पाहिले जात असेल तर स्कोप किंचित मागे-पुढे सरकवावा. डोळा आणि नेत्रभिंग यांच्यात साधारण ७५ ते ९० मिलिमीटर अंतर राहावे लागते. आपल्याला ४×३२ च योग्य, कारण त्यातून येणारा प्रकाशझोत रुंद असतो.

प्रश्न : माझी मुलगी नववीत असून शालेय नेमबाजी स्पर्धांत भाग घेते. पुढे तिला ५० मीटर .२२ प्रकारात उतरायचे आहे. आतापासूनच चांगला स्कोप घेऊन दिला तर तिला फायदा होईल, असे एक नातेवाईक म्हणतात. — एक पालक, धुळे

उत्तर : घेऊ नये. ऑलिंपिक पद्धतीच्या ५० मीटर रायफल स्पर्धांत स्कोप चालत नाही. तिथे मागे बारीक छिद्राची आणि पुढे कड्याची अशी पीप साइट वापरतात. पॅरिस येथे २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवणारे कोल्हापूर जिल्ह्याचे स्वप्निल कुसाळे आणि म्युनिक येथे २०१० मध्ये ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या ठरलेल्या कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत, या दोघांनीही नेम धरला तो अशाच साइटमधून, भिंगाने मोठे केलेल्या चित्रातून नव्हे. आपल्याकडील स्पर्धांत एअर रायफलीचे ओपन साइट आणि पीप साइट असे गट असतात. मुलगी आज ज्या गटात खेळते त्याच साइटवर तिचा सराव पक्का होऊ द्यावा. स्कोपची सवय लागली तर माशीवर नजर ठेवण्याची शिस्त मोडते आणि ती पुन्हा बसवायला वेळ लागतो. पैसे खर्च करायचेच असतील तर तिच्या मापाचे शूटिंग जॅकेट आणि हातमोजा घ्यावा. प्रशिक्षकांसाठी लागणारी, लक्ष्यावरचे फटके पाहण्याची तिपाईवरची दुर्बीण ही वेगळी वस्तू आहे आणि ती सरावात कामाची असते.

प्रश्न : माझ्या स्प्रिंगच्या एअर रायफलीवर स्कोप आहे. तो .२२ वर चालेल का? आणि मित्राचा .२२ वरचा स्कोप एअर रायफलीवर लावला तर? — एक वाचक, शहादा

उत्तर : पहिले चालेल, दुसरे करू नये. .२२ चा धक्का अगदी हलका आणि एकाच दिशेचा, मागे येणारा असतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीत जड पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते आणि तो पुढे जाऊन थांबताच ती पुढे फेकली जाते. हा उलटा झटका सोसण्यासाठी बनवलेला नसेल तर चांगला महाग स्कोपही काही दिवसांत बिघडतो. फुली तुटते किंवा आतली भिंगे सैल होतात. एअर रायफलीसाठी म्हणून बनवलेला स्कोप मजबूत तर असतोच, शिवाय त्याचा पॅरलॅक्सही जवळच्या अंतराचा असतो. तेव्हा तो .२२ वर उत्तम काम देतो. फक्त .२२ रायफलीला आणि तिच्या काडतुसांना परवाना लागतो, ही गोष्ट एअर रायफल वापरणाऱ्या मित्रमंडळींनी विसरू नये.

प्रश्न : आमच्या केळीच्या बागेत रात्री रानडुकरे शिरतात आणि एका रात्रीत खोडेच्या खोडे आडवी करतात. .२२ रायफलीला चांगला स्कोप लावून त्यांचा बंदोबस्त करता येईल का? कोणता स्कोप घ्यावा? — एक केळी उत्पादक, रावेर

उत्तर : आपले नुकसान खरे आहे आणि त्यामागचा संतापही समजण्यासारखा आहे. तरीही या कामासाठी मी कोणताच स्कोप सुचवणार नाही. .२२ ची गोळी जेमतेम २.६ ग्रॅमची असते. रानडुकराची कातडी, चरबी आणि खांद्याची हाडे यांपुढे तिची ताकद पुरत नाही. स्कोप कितीही चांगला असला तरी तो फक्त गोळी कुठे लागेल ते ठरवतो. आत शिरल्यावर ती काय करील, हे त्याच्या हाती नसते. जनावर जखमी होऊन उसात किंवा नाल्यात शिरते, तडफडून मरते, नाहीतर सकाळी पाणी द्यायला आलेल्या मजुरावर धावून जाते. रात्री बागेच्या पलीकडे कोण झोपले आहे ते दिसत नाही, आणि .२२ ची गोळी मोकळ्या हवेत एक किलोमीटरहून अधिक लांब जाऊ शकते.

कायद्याची बाजूही तितकीच स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली वन विभागाच्या परवानगीवाचून रानडुक्कर मारणे गुन्हा आहे, आणि हातात शस्त्राचा परवाना असणे म्हणजे ती परवानगी नव्हे. पिकाच्या नुकसानीची खबर वन परिक्षेत्र कार्यालयाला लगेच द्यावी, पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचा अर्ज मुदतीत करावा. बागेभोवती सौर कुंपण घालता आले तर तो खर्च रायफल आणि स्कोप यांच्या खर्चापेक्षा नक्कीच सार्थकी लागेल.

प्रश्न : स्कोप बसवला आहे. तो झिरो कसा करावा, आणि ५० मीटरला झिरो केला तर १०० मीटरवर गोळी कुठे लागेल? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : झिरो करणे म्हणजे ठरावीक अंतरावर फुली जिथे असेल तिथेच गोळी लागेल असे स्कोप जुळवणे. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढावा आणि ती वाळूच्या पिशव्यांवर ठेवावी. नळीतून मागून पाहून २५ मीटरवरचे लक्ष्य नळीच्या मधोमध आणावे. मग रायफल न हलवता, केवळ बटणे फिरवून, फुली त्याच लक्ष्यावर आणावी. एवढ्याने पहिली गोळी कागदावर पडते आणि काडतुसे वाया जात नाहीत. त्यानंतर बोल्ट बसवून २५ मीटरवर तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप मारावेत. एकेका गोळीवर बटण फिरवू नये. ग्रुपचा मध्य पाहून मगच फिरवावे.

बहुतेक स्कोपमध्ये एक टिचका पाव मिनिटाचा असतो (इथे मिनिट म्हणजे कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग). १०० मीटरवर तो सुमारे ७ मिलिमीटर, ५० मीटरवर साडेतीन आणि २५ मीटरवर पावणेदोन-दोन मिलिमीटर भरतो. म्हणजे ५० मीटरवर ग्रुप ४ सेंटिमीटर खाली आणि २ सेंटिमीटर उजवीकडे पडला असेल, तर वरच्या बटणाचे अकरा टिचके ‘अप’ दिशेला आणि बाजूच्या बटणाचे पाच-सहा टिचके ‘लेफ्ट’ दिशेला द्यावेत. बटणावरचा बाण गोळी कोणत्या बाजूला जाईल ते दाखवतो, फुली कोणत्या बाजूला जाईल ते नव्हे. इथे बरेच जण उलटे फिरवतात. स्वस्त स्कोपमध्ये टिचके दिल्यानंतर पहिली गोळी जुन्याच जागी पडते आणि धक्क्याने आतला भाग बसल्यावर दुसरी-तिसरी नव्या जागी जाते. म्हणून बटण फिरवल्यानंतरची पहिली गोळी हिशेबात धरू नये.

स्कोपवर विश्वास ठेवता येईल की नाही याची खरी परीक्षा यानंतर घ्यावी. नेमाचा बिंदू तोच ठेवून एक ग्रुप मारावा. मग वीस टिचके वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे असे फिरवून प्रत्येक टप्प्यावर एकेक ग्रुप मारावा. कागदावर चौकोन तयार व्हायला हवा आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर पडायला हवा. तसे झाले नाही तर आधी माउंटचे स्क्रू तपासावेत. कड्याला लागून स्कोपच्या नळीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावून ठेवला असेल तर स्कोप घसरला की नाही हे पट्टी आणि कडे यांच्यातील फटीवरून लगेच कळते. माउंट पक्का असूनही चौकोन मिळत नसेल तर हमीची मुदत संपण्याआधी स्कोप परत करावा.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे. साधारण ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघणारी स्टँडर्ड व्हेलॉसिटीची गोळी ५० मीटरला झिरो केली तर २५ मीटरवर ती सुमारे एक सेंटिमीटर वर लागते आणि १०० मीटरवर २० सेंटिमीटर किंवा त्याहूनही खाली. हाय व्हेलॉसिटीचे काडतूस वापरले तर हे पडणे कमी होते, पण ती गोळी ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने निघून वाटेत त्याच्या खाली येते, आणि या बदलाच्या वेळी पुष्कळ रायफलींत ग्रुप विस्कटतो. म्हणून कागदावरच्या सरावाला स्टँडर्डच बरे. काडतूस बदलले की झिरो पुन्हा तपासावा. वरणगावच्या आयुध निर्माणीच्या शेजारी राहणाऱ्यांना हे सांगायला नको, तरी लिहितो : एकाच जातीच्या काडतुसांतही वेगवेगळ्या लॉटचा फटका थोडा निराळा पडतो, तेव्हा एका लॉटची खोकी एकदम घ्यावीत आणि प्रत्येक खोक्यावरचा लॉट क्रमांक झिरोच्या नोंदीसोबत वहीत लिहून ठेवावा.

प्रश्न : उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात स्कोपची काळजी कशी घ्यावी? — एक वाचक, नवापूर

उत्तर : मे महिन्यात बंद गाडीत स्कोप ठेवू नये. बाहेर ४४-४५ अंश असताना आतले तापमान त्याहून खूप वर जाते आणि भिंगांच्या कडेची सीलबंद रबरी कडी सैल होतात. धूळ बसली तर गळ्यातल्या रुमालाने पुसू नये, धुळीच्या कणांनी लेपावर ओरखडे पडतात. आधी रबरी फुग्याने हवा मारावी, मग मऊ ब्रश फिरवावा, आणि डाग राहिलाच तर भिंगाच्या खास कापडाने हलके टिपावे. पावसाळ्यात नायट्रोजन भरलेला स्कोप आतून धुरकट होत नाही. तसा नसेल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या महिन्यातून एकदा बदलाव्यात. आतल्या बाजूने बाष्प धरले तर स्कोप स्वतः उघडू नये, कारण तो एकदा उघडला की आतली हवा पुन्हा कोरडी करणे घरी जमत नाही.